नाव शेवटी घ्यायचं

आमच्या वामनरावची उंची मोजायची तर सोयाबीनचं पोतं उभं करावं आणि त्याच्यावर एक पायली ठेवावी. आवाज मात्र असा, की नांदुऱ्याच्या मार्केट यार्डात तो हर्रास बोलायला लागला की तिकडे स्टेशनावर बसलेली माणसं गाडी आली समजून पिशव्या उचलत. यात थोडं मीठ माझ्या पदरचं आहे. मिठाशिवाय भाजी मी वाढत नाही. त्याची बायको गीताबाई म्हणते, "देवानं एवढा मोठा आवाज एवढ्याशा मानसाले काऊन द्यावा? वाटपात घोटाळा झाला असंन."

ज्यांनी हर्रास पाहिला नाही त्यांना सांगतो. यार्डात शेतकऱ्यांच्या मालाचे ढीग ओळीनं पडलेले असतात. बोलणारा ढिगापाशी उभा राहतो, व्यापारी त्याच्याभोवती कडं करतात, भाव चढत जातो. चढेनासा झाला की तो म्हणतो, एक. थांबतो. दोन. परत थांबतो, आणि या थांबण्यात वामनरावचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. मग तीन, आणि तीनच्या मागोमाग ज्यानं माल घेतला त्याचं नाव. नाव आलं की संपलं. नंतर बाप आडवा पडला तरी ढीग फिरत नाही. पुराणातल्या वामनानं तीन पावलांत एका राजाचं राज्य घेतलं, आमच्या वामनानं 'एक, दोन, तीन' करत अर्ध्या तालुक्याचं पीक खपवलं. मी त्याच यार्डात काट्यावर मापारी होतो, त्यामुळे हे सगळं माझ्या कानांवरून गेलेलं आहे.

बैलबाजारातल्या सौद्याचा मात्र त्याला तिटकारा. तिथं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बाहेरच्याला काही कळत नाही. वामनराव म्हणायचा, "जे रुमालाखाली होते थे चोरीचं. जे तोंडानं होते थे खरं." पुढं जे झालं ते ऐकाल तेव्हा हे वाक्य आठवा, आणि त्याच्यासमोर मात्र काढू नका. मी एकदा काढलं होतं, चार दिवस त्यानं माझ्यासोबत पान खाल्लं नाही.

आम्ही दोघंही धानबर्डीचे. गाव लहान, पण गावाला स्टेशन आहे, आणि सकाळची पॅसेंजर तिथं थांबायची. दुधाच्या क्यानी, कॉलेजच्या पोरी, कोर्टाच्या तारखांवाले, आणि आम्ही यार्डातले, सगळे त्या गाडीनं नांदुऱ्याला. टाळेबंदीत गाडी बंद झाली. सगळं उघडलं तेव्हा गाडी परत आली, पण आमच्याकडे न बघता जायला लागली. सोयरीक मोडल्यावर पोरीचा बाप बाजारात दिसावा आणि त्यानं मान फिरवावी, तशी. फलाट तसाच, पाटी तशीच, थांबा तेवढा गेला. स्टेशनाच्या पलीकडे रेल्वेचं फाटक आहे. नांदुऱ्याचा रस्ता त्याच फाटकातून जातो.

वामनरावची सून मंजुश्री. पोरगा दीपक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सून बारावी शिकलेली, कमी बोलणारी, आणि बोलली तर समोरच्याला दोन दिवस पुरेल असं बोलणारी. तिचे दिवस भरत आले होते. एका सकाळी कळा सुरू झाल्या. पूर्वीचे दिवस असते तर गाडीत बसवलं असतं आणि नांदुऱ्याच्या दवाखान्यात उतरवलं असतं. आता ऑटो सांगितला. ऑटो फाटकापाशी आला आणि फाटक पडलं. गाडी यायची होती. कोणती? तीच, सकाळची पॅसेंजर. ती धडधडत समोरून गेली, खिडकीतली माणसं बाहेर बघत होती, आणि ऑटोत गीताबाईनं लुगड्याचा पदर आडवा धरलेला. फाटक उघडेपर्यंत नात झाली. घरात तिला छकुली म्हणतात. दोघी सुखरूप, देवाची कृपा. पण मंजुश्री त्यानंतर कधी त्या फाटकाचं नाव काढत नसे, आणि दुसऱ्यानं काढलं की उठून आत जात असे. गावाच्या ऑटोवाल्यांसमोर बाळंत होणं ही काही मिरवायची गोष्ट नाही.

आता खासदारांकडे येतो.

आमचे खासदार नारायणभाऊ. शेतकऱ्याच्या घरातले, मनमिळाऊ, लग्नात पंगतीला वाढायला उभे राहणारे, मयतीत खांदा देणारे. माणूस वाईट म्हणता यायचा नाही, आणि अशाच माणसाची भीती बाळगावी. त्यांची एक अडचण होती. गावात भाषण करायचं तर व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेता घेताच त्यांना पाव तास लागायचा. दिल्लीत शून्य प्रहरात नंबर लागला, तर बोलायला दीड-दोन मिनिटं मिळतात, मग माईक बंद. भाऊ पहिल्यांदा उभे राहिले ते अध्यक्षांना नमस्कार, सभागृहाला नमस्कार, आपल्या संतभूमीला नमस्कार करत जिल्ह्याच्या नावापर्यंत पोचले, आणि माईक गेला. ओठ हलत होते, हात हलत होता, आवाज नाही. तो तुकडा जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. यार्डातल्या हमालांनी तर नवा खेळ काढला: एकानं भाऊंसारखे ओठ हलवायचे आणि दुसऱ्यानं त्याच्यासमोर काल्पनिक बटण दाबायचं.

मग एक दिवस भाऊ यार्डात आले. वामनराव हर्रास बोलत होता. भाऊ ढिगांमागून ढीग त्याच्या मागं फिरले. एका श्वासात शेतकऱ्याचं नाव, मालाचा वाण, ओल, भाव, आणि सगळं कसं स्पष्ट. शेवटी त्यांनी खांद्यावर हात टाकला.

"वामनराव, तुम्ही मले शिकवा."

"काय शिकवू भाऊ? सोयाबीन इकाले?"

"कमी वेळात बोलाले."

झालं. वामनराव आठवड्यातून दोनदा एस.टी.नं बुलढाण्याला, भाऊंच्या बंगल्यावर. जाताना कडक इस्त्रीचं धोतर, खिशात अडकित्ता. गावात सांगायचा, "खासदाराले तयार करून राह्यलो." मी विचारलं, "कोन्त्या बाजाराले नेतं बे?" तर रागावला.

त्या शिकवणीचे हाल मला भाऊंच्या स्वीय सहायकाकडून, प्रज्वलकडून कळले. प्रज्वल बुलढाण्याचा शिकलेला पोरगा, पँट-शर्टातला, फोन दोन. वामनरावनं पहिल्या दिवशी भाऊंना त्यांच्याच दिवाणखान्यातला सोफा हर्रासात काढायला लावला. प्रज्वल व्यापारी. भाऊंनी सोफ्याचे गुण सांगता सांगता सोफा देणाऱ्या मित्राचे आभार मानायला घेतले. "भाऊ," वामनराव म्हणाला, "ढीग सडला तुमचा." महिनाभरात भाऊ सोफा, टीपॉय, कुत्र्याची साखळी, सगळं दोन श्वासांत विकायला लागले. श्वास नाकानं घ्यायचा, माईकला कळू द्यायचा नाही. आकड्यावर चढायचं, माणसाच्या दुःखावर उतरायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नाव शेवटी घ्यायचं.

इथं प्रज्वलचं आणि वामनरावचं वाजलं.

प्रज्वल म्हणाला, "काका, तिथली रीत उलटी आहे. गावाचं नाव पहिल्या वाक्यात घ्यायचं. पुढं माईक गेला तरी नाव नोंदीत राहतं."

"तू हर्रास पाह्यला काय रे?"

"पाहिलाय."

"नाव पह्यले घेतलं तर मांगं कोन आयकते? लोकाइले वाट पाहू द्या. एक, दोन, तीन, मंग नाव. अख्खी दिल्ली कान टवकारून बसली पाह्यजे, कोन्तं गाव, कोन्तं गाव. आन् मंग, धानबर्डी." हे शेवटचं त्यानं असं म्हटलं की बंगल्यावरचा स्वयंपाकी बाहेर आला.

भाऊंना पटलं. भाऊंना ते जरा जास्तच पटलं असं प्रज्वल नंतर म्हणाला.

आणि वामनराव काही फुकट शिकवत नव्हता. पैसा त्यानं घेतला नाही, एस.टी.चं भाडंही नाही. त्याचं मागणं एकच होतं, लोकसभेत आपल्या गावाचं नाव घ्यायचं आणि थांबा मागायचा. भाऊंनी त्याच्या हातावर हात मारून कबूल केलं. आणि भाऊ म्हणाले, "थांबा तर सगळेच मागतात वामनराव. काळजाले लागंन अशी गोष्ट पाह्यजे. तुमच्या गावात काही झालं हाये काय, गाडी थांबत नाही म्हनून?"

वामनरावकडे गोष्ट होती. पण ती त्याची नव्हती.

घरी आला आणि दोन दिवस नुसता चकरा मारत राहिला. शेवटी गीताबाईनं सुनेला बोलावलं. मी ओट्यावरच होतो, मला कोणी जा म्हटलं नाही आणि मीही स्वतःहून गेलो नाही. वामनरावनं सगळं सांगितलं. मंजुश्री छकुलीच्या केसांना तेल लावत होती. पोरीची वेणी घालून झाल्यावर तिनं विचारलं.

"मामाजी, सगळ्या देशापुढं?"

"तुहं नाव नाही घेनार. एक माय, एवढंच."

"माह्या बाळंतपनाची गोष्ट सांगून गाडी थांबते?"

"थांबंन. मी जबान देतो."

"तुमची जबान हाये, थे मले मालूम हाये. भाऊची?"

"माह्या तोंडानं तीन म्हटलेला ढीग कधी फिरला काय?"

ती थोडी हसली. मग म्हणाली, "माहं नाव घ्यायचं नाही. पन गावाचं घ्यायचं. गावाचं नाव आलं तर मले चालंन. मंग थे सगळ्याइसाठी झालं असं वाटंन. नाही तर नुसतीच माही फजिती."

तो "हो" म्हणाला. ती आत गेली. गीताबाई म्हणाली, "पाहा हो, पोरीनं तोंड उघडून दिलं हाये. सांभाळा." असा हा व्यवहार, चार माणसांदेखत, तोंडानं झालेला. रुमाल कुठंच नव्हता.

अधिवेशनात भाऊंचा नंबर लागला. प्रज्वलनं सकाळीच फोन करून कळवलं. मारुतीच्या देवळासमोर ग्रामपंचायतीचा टीव्ही आणून ठेवला, संसदेचा च्यानल लावला. गाव लोटलं. वामनरावला खुर्ची, पाय खाली टेकत नव्हते, पण रुबाब असा की जणू त्याच्याच पोरीचं लग्न टीव्हीवर लागतं आहे. बायका देवळाच्या पायऱ्यांवर. मंजुश्री सगळ्यात मागं, कडुलिंबापाशी, छकुलीला कडेवर घेऊन. येणार नाही म्हणाली होती, आली.

भाऊ उभे राहिले. अध्यक्षांना एकच नमस्कार. गावानं तिथंच टाळ्या वाजवल्या. मग भाऊ हिंदीत चालू झाले, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आवाज भाऊंचा, पण श्वास वामनरावचा, थांबणं वामनरावचं, हाताचा उठाव वामनरावचा. सकाळची गाडी. बंद झालेला थांबा. ऑटो. "अध्यक्ष महोदय, फाटक बंद था. सामने से वही गाडी जा रही थी, जो कभी उस माँ के गाँव में रुकती थी." सभागृहात एरवी कोणी ऐकत नसतं, पण दोन-चार माना वळलेल्या आम्ही टीव्हीवर पाहिल्या. "उस फाटक पर एक बेटी ने जनम लिया." बायकांच्या पायऱ्यांवर कोणीतरी नाक ओढलं. वामनरावचे ओठ भाऊंच्या बरोबरीनं हलत होते. त्यानं हात वर केला. एक. दोन. भाऊ थांबले. अगदी जिथं थांबायचं तिथंच थांबले. अख्खी दिल्ली वाट बघत होती, धानबर्डी वाट बघत होती.

"वो गाँव है, उमरटेक."

भाऊ बसले. दुसरा खासदार उभा राहिला आणि कुठल्या तरी नदीबद्दल बोलायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, घाईत जीभ घसरली असेल. एक म्हातारा म्हणाला, "पुढं आपलं घेतीन." पण पुढं नदीच चालू होती. वामनरावचा हात अजून वरच होता. मी जवळ जाऊन तो खाली घेतला. मागं पाहिलं तर कडुलिंबापाशी कोणी नव्हतं.

आता उमरटेक म्हणजे काय, ते सांगायला हवं, आणि हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस तालुक्यात दुसरा नाही. आमच्या पुढचंच स्टेशन. गाव मोठं, मतदान मोठं. पण मतांचं कारण वरवरचं. खरं कारण असं, की त्याच आठवड्यात भाऊंच्या पोराची, आल्हादची, सुपारी फुटली होती, आणि पोरगी उमरटेकची. भाऊंचे होणारे व्याही तिथले बडे असामी, बैठकीत म्हणे सहज बोलले, "आमच्या गावाले गाडी थांबली असती तं वऱ्हाड गाडीनं आनलं असतं." लोक पोराच्या लग्नात मानपान घेतात, भाऊंनी आमची गाडी दिली. तीही गोष्टीसकट, बाळंतिणीसकट.

वामनराव दुसऱ्या आठवड्यात बुलढाण्याला गेला. भाऊ दिल्लीहून आले होते. मीही सोबत गेलो, कारण अशा वेळी मित्राला एकटं सोडू नये, आणि गोष्ट पहिल्या हातची मिळावी. भाऊंनी आम्हाला दारात येऊन हात धरून आत नेलं. त्याच सोफ्यावर बसवलं.

"वामनराव, काय बोललो हो मी! सगळे मले भेटून गेले. तुमचे उपकार."

"भाऊ, गाव कोन्तं घेतलं?"

भाऊंनी मान खाली घातली. लाजले नव्हते, लाजल्यासारखं केलं. "दोन स्टेशनं शेजारी. एकाच ठिकानी थांबवतो म्हनून राह्यले वरचे. उमरटेक मोठं पडते. तुमचं पुढच्या अधिवेशनात, नक्की."

"भाऊ, उमरटेकले फाटकच नाही. तिथं पूल हाये."

भाऊ क्षणभर थांबले, अगदी शिकवल्याप्रमाणे. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिल्लीवरून फाटक पाहाले कोन येते वामनराव?"

"माह्या सुनेनं तोंड उघडून दिलं होतं."

"तिचं नाव कुठं घेतलं मी? तिची इज्जत राखली."

चहा आला. वामनरावनं कप उचलला नाही. भाऊंनी त्याचा कप उचलून त्याच्या हातात दिला, आणि हा बावळट प्यायला. घरधनी स्वतः हातात कप देतो तर नाही कसं म्हणायचं, असं एस.टी.त मला म्हणाला. मी म्हटलं, "तुहा सौदा सोफ्यावर झाला बे, आन् रुमाल भाऊच्या हातात होता." ते चार दिवस पान बंद झालं ते यावरून.

घरात मंजुश्री रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. सासऱ्याचं ताट वेळेवर, पाणी वेळेवर, "मामाजी जेवून घ्या" तेवढंच. पण पूर्वी ती यार्डातल्या गमती विचारायची, आज कोणाचा ढीग चढला, कोण व्यापारी भांडला. ते बंद झालं. वामनराव जेवताना स्वतःहून सांगायला बघायचा आणि अर्ध्यातच गप्प व्हायचा. ज्या माणसाच्या तोंडाला सगळा बाजार कान देतो, त्याला घरात ऐकणारं कोणी उरलं नाही.

थांबा मिळाला. उमरटेकला. गाडीला हार, बँड, भाऊंच्या हातात हिरवं निशाण. आणि भाऊंच्या शेजारी साडी-चोळी देऊन उभी केलेली एक बाई, कडेवर पोर. निवेदक म्हणाला, हीच ती माउली. आम्ही मोबाईलवर पाहत होतो. बाई कोण? पुष्पांजली, व्याह्यांच्या चुलतभावाची सून. तिचं पोर अकोल्याला खासगी दवाखान्यात सिझर होऊन झालेलं, एसी खोलीत. त्यातही गंमत बघा, भाऊंनी दिल्लीत 'बेटी' म्हटलं होतं, आणि हिच्या कडेवर मुलगा. त्याला फ्रॉक घातला होता.

मी पोट धरून हसलो. मग मंजुश्रीकडे लक्ष गेलं. तिनं मोबाईल हातात घेऊन जवळून पाहिलं, आणि छकुलीला दाखवत म्हणाली, "पाह्य, तू. टीव्हीत आली तू." आणि मोबाईल परत दिला. माझं हसू कुठं गेलं ते मलाच कळलं नाही.

दसऱ्यानंतर यार्डात नव्या सोयाबीनचा मुहूर्त असतो. पहिल्या ढिगाची पूजा, शेतकऱ्याला शेला-श्रीफळ, मग मोठ्या पाहुण्यासमोर हर्रास. पाहुणे भाऊ. ढीग निघाला आमच्याच उत्तमरावचा, धानबर्डीच्या. आणि बोलणारा वामनराव. बाजार समितीच्या सभापतींना धाकधूक होती. मला तर आशा होती. मला वाटलं, हा दोनवर थांबेल आणि तीन म्हणणारच नाही. ढीग पडून राहील, भाऊ बघत राहतील. आदल्या दिवशी मी सुचवलंही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. "उत्तमरावनं काय वंगाळ केलं?" एवढंच म्हणाला.

रीत अशी की शेतकऱ्याचं नाव आणि गाव सुरुवातीला एकदाच घ्यायचं. वामनराव ढिगापाशी उभा राहिला, भाऊ त्याच्या उजव्या हाताला. "धानबर्डीचे उत्तमराव," त्यानं सुरू केलं. पहिला भाव आला. "धानबर्डी," तो म्हणाला, आणि मग भाव. दुसरा आला. "धानबर्डी," आणि भाव. तिसरा. परत धानबर्डी. दर बोलीला गावाचं नाव आधी, आणि तेही पूर्ण आवाजात, स्टेशनापर्यंत जाईल असं. पहिल्यांदा हमाल हसले. मग व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि तेही मुद्दाम थोडं थोडं चढवायला लागले, की नाव अजून एकदा यावं. उत्तमरावची चांदी. भाऊ आधी हसत होते, मग ढिगाकडे पाहायला लागले, मग फोनकडे. प्रज्वल घाम पुसत होता. "धानबर्डी, एक. धानबर्डी, दोन." असा थांबला की कावळा ओरडला तो ऐकू आला. "धानबर्डी, तीन." आणि व्यापाऱ्याचं नाव, बरोब्बर, जसं असायला हवं तसं.

यार्डात टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता भाऊंना तोंड लपवायला जागा नाही.

पण पुढारी तो पुढारी. भाऊ भाषणाला उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "धानबर्डी. आता मी झोपीतबी इसरत नाही. बायकोचं नाव इसरीन, धानबर्डी नाही इसरनार. आमचे गुरू हायेत वामनराव, गुरूचा मार गोडच लागते." सगळा यार्ड हसला. उत्तमरावही हसला. भाऊंनी वामनरावला मिठी मारली आणि स्वतःचा शेला त्याच्या गळ्यात घातला. फोटो निघाले. घरी जाताना लोक म्हणत होते, माणूस दिलदार आहे बुवा. ज्यांनी सकाळी शिव्या दिल्या होत्या, तेच. वामनराव शेला गळ्यात घालून उभा होता आणि मला तो त्या मुहूर्ताच्या ढिगासारखाच दिसला, पूजा झालेला आणि विकला गेलेला.

त्याच दिवशी ऊन कलताना प्रज्वल गाडी घेऊन धानबर्डीला आला. हिवाळी अधिवेशन तोंडावर होतं. मी ओट्यावर होतोच.

"काका, भाऊंनी मुद्दाम पाठवलंय. या वेळी तुमचंच गाव. शब्द दिलाय त्यांनी."

वामनरावची मान किंचित वर झाली. मी ओळखली ती मान. इतकं होऊनही. आशा ही फार निर्लज्ज चीज आहे.

"फक्त एक आहे," प्रज्वल म्हणाला. "गोष्ट नवी लागेल. ती फाटकाची आता सांगता येत नाही. ती उमरटेकच्या नावानं नोंदली गेली."

मंजुश्री चहा घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला. छकुली तिच्या पदराला धरून.

"म्हन्जे आमची गोष्ट आता आमची नाही?"

"तसं नाही वहिनी. पण कामकाजात एकदा आलं की…"

"नवी पाह्यजे, नाही?" ती म्हणाली. "मंग थोडे थांबा भाऊजी. मले अजून एक लेकरू होऊ द्या. फाटक तं बंदच असते."

प्रज्वलनं कप उचलला आणि तसाच धरून बसला. पोरगा वाईट नाही. त्याचे कान लाल झाले.

"घ्या ना, चहा निवते," ती म्हणाली.

कप खाली ठेवून प्रज्वलनं हळूच विचारलं, "काका, शिकवायला याल ना? भाऊंना तुमच्याशिवाय जमत नाही."

वामनरावनं मंजुश्रीकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती सासरा काय बोलतो ते ऐकायला थांबली होती.

"माह्यानं होत नाही," वामनराव म्हणाला, त्याच्या मानानं फारच हळू. "तू शिकव त्याइले. तू म्हनला होता, नाव पह्यले घ्या. तुले कळत होतं. मीच नावाची जागा मोकळी ठेवली." मग त्यानं दारामागच्या खुंटीवरचा शेला काढला, नीट घडी घातली आणि प्रज्वलच्या हातात दिला. "हा भाऊचा. राह्यला होता इथं."

प्रज्वल गेला. मंजुश्रीनं कप गोळा केले. आत जाता जाता थांबली आणि म्हणाली, "मामाजी, उत्तमरावचा ढीग किती चढला?"

तो सांगायला लागला. मी म्हटलं आता ही सगळी गोष्ट परत ऐकावी लागणार, म्हणून उठलो आणि रस्त्यावर आलो. फाटकापाशी प्रज्वलची गाडी उभी होती. फाटक पडलेलं. तो काचेतून समोर बघत होता. संध्याकाळची परतीची गाडी उमरटेकला थांबून आली होती आणि आमच्या फलाटासमोरून, पाटीवरचं नाव कोणाला वाचता येऊ नये अशा बेतानं, धडधडत निघून गेली.